निवृत्ती आणि आरोग्य : आधी काय, नंतर काय?

तुमच्या परिसरातील सत्तरीच्या दहा व्यक्तींना तुम्ही भेटलात, असे समजा. जे अजून शेतात वा दुकानात काम करतात ते धडधाकट आढळले. जे घरी बसले आहेत ते आजारी. ‘काम थांबले की माणूस खचतो’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह येथे होतो. तो टाळावा. प्रकृती ढासळली म्हणूनही काम थांबलेले असू शकते. एकदाच केलेल्या पाहणीत हा क्रम दिसत नाही. त्यासाठी त्याच व्यक्तींना वर्षानुवर्षे पुन्हा भेटावे लागते.

अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाने १९९२ मध्ये ‘आरोग्य आणि निवृत्ती अभ्यास’ सुरू केला. १९३१ ते १९४१ या काळात जन्मलेल्या व्यक्ती त्यात प्रथम निवडल्या गेल्या. त्यांच्या जोडीदारांनाही, वय काहीही असले तरी, सामावून घेतले. मुलाखत दर दोन वर्षांनी होते. उत्तरदाता मरण पावल्यास नातलगाशी बोलून अखेरच्या दिवसांतील शुश्रूषा आणि खर्च यांची नोंद घेतात.

प्रश्न विचारण्याची रीतही लक्षात घेण्याजोगी आहे. ‘तुमची बचत किती?’ याचे नेमके उत्तर पुष्कळ लोक देत नाहीत. तेव्हा ‘अमुक रकमेहून अधिक की कमी?’ असे टप्प्याटप्प्याने विचारतात. आकडा न मिळाला तरी मर्यादा कळतात. स्मरणशक्तीसाठी दहा शब्द ऐकवून ते लगेच आणि काही वेळाने पुन्हा आठवायला सांगतात.

अशा अभ्यासात एक धोका मात्र कायम असतो. दुर्बल, आजारी माणसे पुढील फेऱ्यांतून गळतात. उरलेल्यांची सरासरी काढली, तर पिढीचे आरोग्य सुधारल्याचा भास होतो. म्हणून कोण गळले, याचाही हिशेब ठेवावा लागतो. (संशोधनातील हे सर्वांत कंटाळवाणे काम, आणि बहुधा सर्वांत मोलाचे.)

भारतात याच धर्तीवरील अभ्यास मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने परदेशी विद्यापीठांच्या सहकार्याने हाती घेतला. २०१७-१८ च्या पहिल्या फेरीत ४५ वर्षांवरील व्यक्ती आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२,००० हून अधिक जणांची माहिती संकलित झाली. रक्तदाब आणि हाताच्या पकडीची ताकदही मोजली गेली.

येथे ‘निवृत्ती’ हा शब्दच अडचणीचा ठरतो. सरकारी कर्मचाऱ्याची निवृत्ती तारखेने ठरते. परंतु पासष्ट वर्षांची शेतमजूर स्त्री निंदणीला जाणे सोडते, कापूस वेचणीला मात्र जाते, घरी नातवंडे आणि गुरे सांभाळते. तिला निवृत्त म्हणायचे काय? तिला निवृत्तिवेतन नाही. गुडघे दुखले तरी मजुरी बुडवणे परवडत नाही. तिचे ‘काम चालू आहे’ ही नोंद आरोग्याचे लक्षण मानली, तर आपण तिची लाचारी आरोग्याच्या खात्यात जमा करतो.

उपक्रम : साठीपुढील तीन परिचितांना त्यांनी कोणते काम केव्हा आणि का सोडले ते विचारा. सहा महिन्यांनी तेच प्रश्न पुन्हा विचारून दोन्ही नोंदी ताडून पाहा.