लिंक केलेलं टेबल: समज आणि वस्तुस्थिती

मूळ माहिती एसक्यूएल सर्व्हरवर आणि रोजचं काम मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमध्ये, अशी व्यवस्था अनेक कार्यालयांत असते. दोघांना जोडतो ओडीबीसी ड्रायव्हर. सोय मोठी आहे, पण या जोडणीबद्दलचे गैरसमज थेट मूळ नोंदींवर बेततात.

गैरसमज: ॲक्सेसमधलं टेबल ही आपली प्रत आहे, त्यात काहीही करून बघता येतं.

प्रत मिळते ती इम्पोर्ट केल्यावर. नंतर सर्व्हरवर काय बदललं, ते त्या प्रतीला कळत नाही. लिंक केल्यावर ॲक्सेसच्या फाईलमध्ये फक्त जोडणीचा तपशील राहतो आणि नोंदी सर्व्हरवरच असतात. म्हणून फाईलची २ जीबीची मर्यादा त्यांना लागत नाही. यादीतून लिंक केलेलं टेबल डिलीट केलं, तर फक्त जोडणी जाते. लोक घाबरतात ते यालाच. खरी भीती टेबल उघडून ओळी डिलीट करण्याची आहे, कारण त्या सर्वांसाठीच जातात. ज्याला फक्त बघायचं आहे, त्याला सर्व्हरवरच केवळ वाचण्याचा अधिकार द्यावा. फॉर्मवरचं बटण लपवून भागत नाही.

गैरसमज: लिंक आहे, म्हणजे पडद्यावर दिसतं ते याच क्षणाचं.

उघड्या टेबलातली माहिती ठरावीक वेळानेच ताजी होते. ओडीबीसी जोडणीसाठी ॲक्सेसमधला हा अवधी मुळात १५०० सेकंद, म्हणजे २५ मिनिटं असतो. तो कमी करता येतो, पण त्याने सर्व्हरवरचा भार वाढतो. शिवाय दुसऱ्याने घातलेली नवी नोंद टेबल पुन्हा क्वेरी केल्याशिवाय दिसत नाही. त्यासाठी शिफ्ट आणि एफ९ दाबावं. पडद्यावरचा साठा बघून गिऱ्हाइकाला शब्द देणाऱ्याने तर आधी हे करावंच.

गैरसमज: नोंद बदलता येत नाही, म्हणजे परवानगी नाही.

बहुतेकदा टेबलाला प्रायमरी की किंवा युनिक इंडेक्स नसतो. नेमकी कोणती ओळ बदलायची हे ॲक्सेसला ओळखता येत नाही, म्हणून तो फक्त वाचू देतो. लिंक केलेली एक्सेल शीट मात्र ॲक्सेसमधून बदलताच येत नाही.

गैरसमज: ‘दुसऱ्याने नोंद बदलली’ असा इशारा आला, म्हणजे खरंच कुणीतरी बदलली.

दरवेळी नाही. हो-नाही साठवणाऱ्या बिट कॉलममध्ये नल असेल, तरी हा इशारा येतो. त्या कॉलमला ० हे डिफॉल्ट द्यावं, जुने नल भरून काढावेत आणि टेबलात रोव्हर्जन कॉलम घालावा. मग ॲक्सेस एकेक कॉलम ताडून न बघता तेवढाच तपासतो. असे बदल केल्यावर लिंक्ड टेबल मॅनेजरमधून लिंक ताजी करावी, नाहीतर नवा कॉलम ॲक्सेसमध्ये दिसणार नाही.

लिंक करताना ‘पासवर्ड सेव्ह करा’वर खूण करू नये. तो फाईलमध्ये उघडा साठवला जातो आणि फाईल हाती लागलेल्या कुणालाही वाचता येतो.