स्टेरॉइड थेट जनुकांपर्यंत

दम्याच्या रुग्णाला रोज घ्यायचा स्टेरॉइडचा पंप दिला की घरचे हमखास विचारतात, ‘ओढल्याबरोबर बरं का वाटत नाही?’ कारण या औषधाचं मुख्य काम चालतं पेशीच्या केंद्रकात, आणि तिथल्या कामाला वेळ लागतो.

इन्सुलिनसारखी संप्रेरकं पेशीच्या आवरणावरच निरोप देतात. स्टेरॉइड संप्रेरकं मात्र कोलेस्टेरॉलपासून बनलेली, स्निग्ध असतात. पेशीचं आवरणही स्निग्ध, म्हणून ती सरळ आत शिरतात. अॅड्रिनल ग्रंथीतून आलेलं कॉर्टिसॉल घ्या; पंपातलं किंवा गोळीतलं स्टेरॉइडही त्याच्यासारखंच काम करतं. पेशीत त्याचा रिसेप्टर, म्हणजे त्याला ओळखणारं प्रथिन, दुसऱ्या प्रथिनांनी धरून ठेवलेला असतो. कॉर्टिसॉल चिकटताच रिसेप्टरचा आकार बदलतो, तो मोकळा होऊन केंद्रकात जातो आणि डीएनएवरच्या ठरावीक जागी बसतो. मदतनीस प्रथिनं जमतात, घट्ट गुंडाळलेला डीएनए सैल होतो, जनुकावरून आरएनए आणि आरएनएवरून प्रथिन तयार होतं. यात काही तास जातात.

हे घडताना १९६० मध्ये क्लेव्हर आणि कार्लसन या जर्मन शास्त्रज्ञांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. कायरोनोमस या चिलटाएवढ्या कीटकाच्या अळीला त्यांनी कात टाकायला लावणारं एकडायसोन हे स्टेरॉइड टोचलं. तिच्या लाळग्रंथीतली गुणसूत्रं अवाढव्य असतात. थोड्याच वेळात त्यांवर ठरावीक ठिकाणी फुगवटे आले. कोशात जाण्याआधी येतात तेच. जिथे फुगवटा, तिथे जनुक जागं. टोचलेलं हे एकडायसोन मिळवणंही सोपं नव्हतं. १९५४ मध्ये बुटेनांट आणि कार्लसन यांनी रेशीमकिड्यांचे ५०० किलो कोश वापरले, तेव्हा हाती लागलं २५ मिलिग्रॅम.

कॉर्टिसॉलचा रिसेप्टर जवळपास प्रत्येक पेशीत असतो, पण कोणती जनुकं उघडी आहेत ते पेशीगणिक वेगळं. त्यामुळे स्टेरॉइडची एकच गोळी फुप्फुसातली दाह वाढवणारी जनुकं शांत करते आणि यकृतात साखर बनवणारी जनुकं चेतवते. २०२० मध्ये ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीत व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांचे मृत्यू डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने सुमारे एक तृतीयांशाने घटवले. याच औषधाने रक्तातली साखरही वाढते.

गोळ्या बरेच दिवस चालल्या की मेंदू अॅड्रिनलला कॉर्टिसॉल बनवण्याचा आदेश देणं कमी करतो आणि ग्रंथी सुस्तावते. गोळी एकदम थांबवली तर शरीराकडे स्वतःचं कॉर्टिसॉल पुरेसं नसतं, आणि ते जिवावर बेतू शकतं. म्हणून डोस हळूहळू उतरवायचा, तोही डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच. आणि जुन्या चिठ्ठीवर दुकानातून स्टेरॉइड आणणं कायमचं सोडायचं.