घोट लवकर, गोळी उशिरा

तारापूर एमआयडीसीतली पाळी संपवून बोईसरला परतलेला कामगार ‘टेन्शन’वर क्वार्टर घेतो. झोप लगेच लागते, पहाटे मात्र टक्क जाग! असं का?

पालघरची ताडी असो वा क्वार्टर, दारू काही मिनिटांत मेंदूचे ब्रेक दाबते. तोल साधायला मेंदू अ‍ॅक्सिलरेटर वाढवतो. नशा उतरली की ब्रेक सुटतात, अ‍ॅक्सिलरेटर तसाच! मग धडधड, घाम. रोज पिण्याने नैराश्य बळावतं, यकृत बिघडतं.

फ्लुओक्सेटिनसारखी नैराश्यावरची गोळी सेरोटोनिन मेंदूच्या पेशींदरम्यान जास्त वेळ टिकवते. गुण यायला साधारण २ ते ४ आठवडे लागतात, आणि तो सगळ्यांनाच येतो असं नाही. सुरुवातीची मळमळ बहुधा ओसरते; कामेच्छा मंदावणं मात्र रेंगाळू शकतं. दारूसारखी चटक लागत नाही, तरी अशा गोळ्या एकदम सोडल्यास चक्कर येऊ शकते.

दारू आणि गोळी एकत्र घेतल्यास गुंगी वाढू शकते. सल्ल्यासाठी ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.