झोपेत थांबणारा श्वास

तुमच्या घरात रात्री कोणी घोरते का? उर्दूत त्याला खर्राटे म्हणतात. घोरणाऱ्याला आपण हसतो. 'किती गाढ झोप लागली आहे!' असेही म्हणतो. पण काही माणसे घोरता घोरता एकदम शांत होतात. दहा-वीस सेकंद काहीच आवाज येत नाही. मग मोठ्याने धाप टाकून ती पुन्हा घोरू लागतात. मधल्या शांततेत त्यांचा श्वास थांबलेला असतो.

असे का होते? झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते आणि हवेची वाट बंद होते. रक्तातील प्राणवायू कमी होतो. मेंदूला धोका कळतो, तो क्षणभर जागा होतो आणि श्वास पुन्हा सुरू होतो. काहींच्या बाबतीत हे तासाला तीस वेळासुद्धा घडते. दर वेळी रक्तदाब वाढतो. आणि वाढलेला रक्तदाब हे पक्षाघाताचे सर्वांत मोठे कारण आहे. पक्षाघात म्हणजे तुमच्या ओळखीचा फालिज. त्यात मेंदूची रक्तवाहिनी अडते किंवा फुटते.

पक्षाघात झालेल्या निम्म्याहून अधिक रुग्णांना हा झोपेचा विकार असतो, असे संशोधनात आढळले आहे. पण पुष्कळ रुग्णांना त्याची कल्पनाच नसते. झोपलेल्या माणसाला आपला थांबलेला श्वास कसा कळणार? दिवसाचा थकवा पक्षाघातामुळेच आला, असे घरचे समजतात. शिवाय या रुग्णांना दिवसा पेंग येतेच असे नाही. मग डॉक्टरांनी 'दिवसा झोप येते का?' असे विचारले, की ते 'नाही' म्हणतात आणि विषय तेथेच संपतो.

या विकारावर पूर्वी गळ्याला छिद्र पाडून श्वासनलिकेत नळी बसवत. 1981 मध्ये ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सुलिव्हान यांनी सोपा उपाय जगापुढे मांडला. नाकावर मुखवटा बांधायचा आणि यंत्राने हवेचा हलका दाब देऊन घसा उघडा ठेवायचा. त्यांच्या सुरुवातीच्या यंत्रात चक्क धूळ ओढणाऱ्या यंत्राची मोटर होती! आवाज किती होत असेल, याची कल्पना करा.

आजची यंत्रे शांत आहेत, तरी मुखवटा लावून झोपणे अनेकांना जड जाते. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात भारतातील रुग्णही होते. यंत्र मिळालेल्यांनी ते रात्री सरासरी साडेतीन तासही वापरले नव्हते. त्यांच्यात पक्षाघात आणि हृदयविकार कमी झाल्याचे दिसले नाही. काहींच्या मते, इतका थोडा वापर हे त्याचे एक कारण असावे.

येथे दूरवरून देखरेख उपयोगी पडते. यंत्र किती तास चालले, हवा कोठून गळली, ही माहिती मोबाइलच्या जाळ्यातून डॉक्टरांकडे जाते. वापर कमी दिसला, की रुग्णाला फोन किंवा संदेश येतो. अशा देखरेखीने वापर वाढतो, असे दिसून आले आहे. झोपेची तपासणीही आता लहान यंत्राने घरीच करता येते. ज्याचा एक हात आणि एक पाय चालत नाही, त्याला दवाखान्यात नेणे किती कठीण असते, हे अशा घरातील मुलांना सांगायला नको.

मात्र तपासणीची गरज आहे, हे प्रथम कोणाच्या तरी लक्षात यावे लागते. म्हणून झोपेचे डॉक्टर रुग्णाबरोबर घरच्या माणसालाही बोलावतात आणि विचारतात, 'रात्री श्वास थांबतो का? किती वेळ?' रुग्ण झोपलेला असताना मोबाइलवर टिपलेले दोन मिनिटांचे चित्रणही त्यांना पुष्कळ काही सांगते.