राखणीसाठी दुर्बीण घेताना



दुर्बिणीविषयी कार्यक्रमात सांगितलेली माहिती घरी निवांत वाचता यावी, म्हणून या पत्रिकेत थोडक्यात देत आहोत. आजरा, चंदगड, भुदरगड, राधानगरी, शाहूवाडी या भागांतले शेतकरी भेटले, की एक प्रश्न हमखास निघतो, “साहेब, मध्यम किमतीची शिकारीची दुर्बीण कोणती घ्यावी?”

आधी शिकारीचं बोलू. संस्थानच्या काळात आपल्या जंगलात शिकारी होत. आता तो काळ राहिलेला नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे. गवा आणि हत्ती यांना तर कायद्याचं सर्वांत कडक संरक्षण आहे. रानडुकरानं पिकाची फारच नासधूस केली, तरी पुढची वाट वनखात्याच्या लेखी परवानगीतूनच जाते. तेव्हा शिकारीची म्हणून जी दुर्बीण विचारता, तीच आपण राखणीसाठी वापरायची.

राखणीला ती का हवी? रात्रभर जागून केलेली नाचणी, भात किंवा ऊस पहाटे तुडवलेला दिसला, की माणसाचा तोल जातो. मग काठी-बॅटरी घेऊन तो थेट फडात शिरतो. धोका तिथंच असतो. २००२ च्या सुमारास कर्नाटकातून हत्ती सिंधुदुर्गात उतरले आणि पुढं चंदगड-आजऱ्याकडंही आले. २०२१ च्या डिसेंबरात गवा कोल्हापूर शहरापर्यंत आला. त्या दिवसांत करवीर तालुक्यात एका तरुणाचा जीव गेला. गेलेल्या पिकाचा पंचनामा होतो, भरपाई मागता येते. गेलेला माणूस परत येत नाही. जनावर कोणतं, किती आणि कुठल्या तोंडाला चाललंय, हे लांबूनच कळावं, एवढ्यासाठी दुर्बीण घ्यायची.

आकडे वाचायला शिका

प्रत्येक दुर्बिणीवर दोन आकडे असतात. उदाहरणार्थ ८×४०. याला आठ बाय चाळीस म्हणतात. पहिला आकडा म्हणजे वस्तू किती पट जवळ दिसते ते. चारशे मीटरवरचा गवा आठ पटीच्या दुर्बिणीतून पन्नास मीटरवर असल्यासारखा दिसतो. दुसरा आकडा म्हणजे पुढच्या मोठ्या भिंगाची रुंदी, मिलिमीटरमध्ये. भिंग जितकं रुंद, तितका उजेड जास्त आत येतो.

आता एक सोपा भागाकार करा. दुसऱ्या आकड्याला पहिल्यानं भागा. ८×४० चं उत्तर येतं ५. १०×५० चंही ५. ७×५० चं सातच्या थोडं वर. १०×२५ ची खिशात मावणारी दुर्बीण घेतली, तर उत्तर फक्त अडीच. डोळ्यापर्यंत उजेडाचा किती जाड झोत पोचतो, ते या उत्तरावरून कळतं. दुपारी अडीच चालून जातं, कारण उन्हात डोळ्याची बाहुली बारीक झालेली असते. पण जनावर येतं तिन्हीसांजेला नाहीतर झुंजुमुंजू व्हायला. त्या वेळी बाहुली मोठी होते आणि तिला जास्त उजेड लागतो. म्हणून राखणीच्या दुर्बिणीचं उत्तर पाचच्या खाली नसावं. ही एक गोष्ट ध्यानात ठेवलीत, तरी निम्मी फसवणूक टळेल.

“मग वीस पटीची का नको?” असं पुष्कळजण विचारतात. जितकी पट जास्त, तितका हाताचा कंपही मोठा दिसतो, शिवाय दिसणारा पट्टा अरुंद होतो. माळ्यावर बसून हातात धरायला आठ पट उत्तम. दहा पट घ्यायची तर खांबाला किंवा मेढीला टेकवून बघावं लागतं. ७×५० अंधुक उजेडात फार चांगली, पण वजनाला जड. एकंदरीत आपल्या कामाला ८×४० किंवा ८×४२ बरी.

जत्रेतली दुर्बीण नको

मी स्वतः नोकरीला लागलो तेव्हा एका जत्रेत ३०×६० लिहिलेली दुर्बीण स्वस्तात घेतली होती. घरी येऊन पट्टीनं मोजलं, तर भिंग पुरतं ३० मिलिमीटरचंही नव्हतं आणि वस्तू जेमतेम तीन-चार पट मोठी दिसत होती. ती आता आमच्या पोरांच्या खेळण्यात आहे. छापलेल्या आकड्यावर जाऊ नका, पट्टी लावून भिंग मोजा. लालभडक चमकणारी भिंगं आणि पट कमीजास्त करणारी ‘झूम’ दुर्बीण, दोन्ही या किमतीत टाळा.

दुकानात काय तपासावं

आजच्या बाजारात साधारण पाच ते दहा हजार रुपयांत कामाची दुर्बीण मिळते. घेण्याआधी एवढं करा :

१. पुढच्या भिंगात तिरकं बघा. हिरवट किंवा जांभळट मंद झाक दिसली तर भिंगावर चांगला लेप आहे. आरशासारखं पांढरं चमकलं तर नको. खोक्यावर ‘फुली मल्टिकोटेड’ लिहिलेलं असावं.

२. दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडं करा. डोळ्याकडच्या भिंगात गोल, स्वच्छ ठिपका दिसला पाहिजे. ठिपक्याच्या कडा कापल्यासारख्या चौकोनी दिसल्या तर आतली काच हलकी. ‘बॅक-४’ काच असेल तर चांगली. सूर्याकडं मात्र दुर्बीण कधीही रोखू नका, डोळा कायमचा जातो.

३. दुकानाबाहेर येऊन लांबचा विजेचा खांब किंवा देवळाचा कळस बघा. एकाचे दोन दिसले किंवा पाच मिनिटांत डोळे दुखू लागले, तर परत द्या.

४. ‘वॉटरप्रूफ’ आणि आत नायट्रोजन भरलेली असेल तर दोन पैसे जास्त मोजा. आपल्या पश्चिम भागातल्या पावसात साध्या दुर्बिणीच्या आत वाफ धरते आणि मग बुरशी येते.

५. चष्मा असेल तर चष्म्यासकट बघा. डोळ्याकडची रबरी कडा खाली दुमडली किंवा फिरवून बसवली की पूर्ण गोल दिसला पाहिजे.

६. दिवसाउजेडी ठरवू नका. जमल्यास संध्याकाळी दुकानात जा. पक्कं बिल आणि हमीपत्र घ्या.

लावावी कशी

आधी उजवा डोळा मिटून, मधलं चाक फिरवून डाव्या डोळ्यानं स्पष्ट करून घ्या. मग डावा मिटून उजव्या भिंगाची कडी फिरवा. एकदा हे जमवलं, की पुढं फक्त मधलं चाक फिरवायचं. कडीवर खूण करून ठेवा. मात्र घरातला दुसरा माणूस बघणार असेल तर त्यानं आपल्या डोळ्याप्रमाणं पुन्हा लावून घ्यावी.

साधी दुर्बीण अंधारात उजेड पाडत नाही. अमावास्येच्या रात्री ती फारशी उपयोगी नाही. त्या वेळी माळ्यावरच थांबा.

निगा

भिंग धोतराच्या सोग्यानं किंवा पदरानं पुसू नका. आधी धूळ फुंकून किंवा मऊ ब्रशनं काढा, मग स्वच्छ मऊ कापड हलकं फिरवा. पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. घरी खोलायला जाऊ नका.

बघितल्यावर काय

दिसलेलं वहीत टिपा : तारीख, वेळ, जनावर, संख्या, दिशा. शेजारच्या शिवाराला फोन करा आणि वनरक्षकाला कळवा. जनावराची परत जायची वाट अडवू नका. नुकसान झालं तर दिवस घालवू नका, लगेच वन परिक्षेत्र कार्यालयात अर्ज द्या आणि पंचनामा होईपर्यंत तुडवलेलं रान तसंच राहू द्या.

एकट्याला खर्च झेपत नसेल तर एका शिवारातल्या पाच-सहा जणांनी मिळून एक दुर्बीण घ्यावी. पाळीपाळीनं राखण करायची आणि ज्याची पाळी त्याच्याकडं दुर्बीण.

पीक पुन्हा घेता येतं. तेव्हा बघायचं ते लांबूनच बघा, आणि सकाळी सुखरूप घरी या.