सकाळी होणारी छातीतील धडधड : कारणे व उपाययोजना

पुणे–लोणावळा लोहमार्गावर देहूरोड व घोरावाडी या स्थानकांच्या दरम्यान बेगडेवाडी हे छोटे स्थानक आहे. सकाळची लोकल गाठणारे विद्यार्थी व नोकरदार बहुधा अपुरी झोप, रिकामे पोट आणि कपभर चहा एवढ्याच शिदोरीवर घर सोडतात. अशा वेळी होणाऱ्या धडधडीला ॲसिडिटी किंवा भित्रा स्वभाव म्हणून निकालात काढले जाते. वस्तुतः तिच्यामागे निश्चित शारीरिक कारणे असतात.

प्रौढ व्यक्तीच्या हृदयाचे विश्रांतीतील ठोके सामान्यतः मिनिटास 60 ते 100 असतात. जागे झाल्यावर सुमारे अर्ध्या तासात कॉर्टिसॉल या संप्रेरकाची पातळी वाढते व अनुकंपी चेतासंस्था सक्रिय होते. अंथरुणातून उभे राहताच गुरुत्वाकर्षणामुळे काही रक्त पायांकडे उतरते आणि मेंदूचा रक्तपुरवठा टिकविण्यासाठी हृदय वेग वाढविते. रात्रभर पाणी न प्यायल्याने ही वाढ अधिक जाणवते. हे स्वाभाविकच होय.

मात्र सर्वाधिक दुर्लक्षित कारण रक्तक्षय हे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019–21) महाराष्ट्रातील 15 ते 49 वयोगटातील 54.2 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन कमी असल्यास तेवढाच प्राणवायू पोहोचविण्यासाठी हृदयाला अधिक वेळा आकुंचन पावावे लागते. जिना चढताना तर विशेषच. पहिल्या तासिकेस चक्कर येणाऱ्या विद्यार्थिनीस ‘उपाशी आलीस का?’ असे विचारले जाते. रक्ततपासणी झाली आहे का, हे क्वचितच विचारले जाते. जेवणाबरोबर घेतलेला चहा अन्नातील लोहाचे शोषण घटवितो, हेही येथे लक्षात घ्यावे.

अवटू ग्रंथीचा अतिस्राव, ताप, चिंता, दम्याची काही औषधे, तसेच इन्शुलिन घेणाऱ्यांत रक्तशर्करा उतरणे ही अन्य कारणे होत. बीटा-ब्लॉकर गोळ्या परस्पर बंद केल्यासही ठोके वाढतात.

धडधड होत असताना बसून मनगटावरील नाडी पूर्ण एक मिनिट मोजावी. संख्या, लय आणि वेळ लिहून ठेवावी. उठताना काही क्षण काठावर बसावे, पाणी प्यावे व न्याहारीनंतरच चहा घ्यावा. तक्रार वारंवार उद्भवल्यास हिमोग्लोबिन, रक्तशर्करा व थायरॉइडची तपासणी तसेच ईसीजी करून घ्यावा. लोहाच्या गोळ्या वैद्यकीय सल्ल्यानेच घ्याव्यात.

बटण दाबावे तशी एकाएकी सुरू होऊन एकाएकी थांबणारी किंवा अनियमित लयीची धडधड हृदयाच्या विद्युत्-वहनातील दोषाची सूचक असू शकते. तीसमवेत छातीत दुखणे, धाप लागणे वा शुद्ध हरपणे असल्यास लोकलची वाट न पाहता 108 क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी. धडधड थांबल्यावर काढलेला ईसीजी बहुधा निर्दोष येतो. त्यावरून आजार नाही असे ठरत नाही. अशा रुग्णास 24 तासांची होल्टर तपासणी आवश्यक ठरू शकते, आणि लिहून ठेवलेली नाडीची नोंद डॉक्टरांना तेव्हा फार उपयोगी पडते.