आठवा, नववा, दहावा

रोवणे आटोपले की तुमसर तालुक्यातल्या पोरांचे पाय मैदानाकडे वळतात. त्याआधी ती बांधीत असतात. पऱ्हे काढणे, पेंढ्या वाहून नेणे, चिखलणी, धुरे बांधणे यातच जुलै निघून जातो. १५ जुलै हा बुवा साळवींचा जन्मदिवस. राज्यभर तो कबड्डी दिन म्हणून साजरा होतो, पण आमच्याकडे त्या दिवशी निम्मा संघ गुडघाभर चिखलात असतो. पोळा आला की संध्याकाळ मोकळी होऊ लागते. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, रात्री दंडार किंवा नाटक रंगते आणि त्याच सुमारास चौकाचौकांत कबड्डी स्पर्धांचे फलक लागतात. म्हणजे पोळ्यापासून दिवाळीपर्यंतचे दिवस हेच तयारीचे. मला सामन्यांपेक्षाही हे दिवस जास्त आवडतात. संघ खरा याच दिवसांत बनतो, आणि बिघडायचा असेल तर तोही याच दिवसांत बिघडतो.

शाळेमागचे मैदान पावसाने खचलेले असते. आधी गाजरगवत उपटायचे, मग खडे वेचायचे, माती चाळून पसरायची, पाणी मारायचे आणि दोन दिवस कुणाला पाय ठेवू द्यायचा नाही. फक्कीच्या रेषा आखल्या जातात तेव्हा आमच्यासारखे बघे कडेला येऊन बसू लागतात. कुणी गिरणीतून सुटलेला, कुणी दुकान भावाच्या ताब्यात देऊन आलेला, कुणी देव्हाडीहून सायकलने आलेला. सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : “यंदा रेडर कोण आहे गा?”

प्रश्न स्वाभाविक आहे. चढाई डोळ्यांत भरते. एकटा पोरगा सातांच्या अंगावर जातो, दोघांना हात लावून मध्यरेषेवर झेप घेतो, तेव्हा सारे मैदान उठून उभे राहते. पण इतकी वर्षे कडेला बसून मला पटलेली गोष्ट वेगळी आहे. संघाचा हंगाम ठरवतो तो त्याचा आठवा, नववा आणि दहावा खेळाडू. त्यातही त्या तिघांत एकतरी कॉर्नरला उभा राहू शकणारा असला पाहिजे. मैदानात सात उतरतात आणि यादीत बारा नावे असतात. पहिली सात नावे गावातले लहान मूलही सांगेल. उरलेल्या पाचांवर कुणी बोलत नाही, आणि जानेवारीतल्या उपांत्य सामन्यात त्यांच्यातलाच कुणीतरी मैदानात असतो.

आमच्या संघाला शिकवणारे सर हे जाणतात. त्यांची एक पद्धत मी फार मन लावून पाहतो. सराव चांगला रंगात आला, पहिला संघ दुसऱ्यावर लोण चढवू लागला, की ते शिटी वाजवतात. “दोन्ही कॉर्नर बाहेर या. बसा.” चांगले खेळत असलेले दोघे चेहरा पाडून माझ्या शेजारी येऊन बसतात, आणि आत उरलेल्या पाचांत नवे दोघे घातले जातात. आता खेळ बघण्यासारखा होतो. मघापर्यंत जे कव्हर बिनधास्त पुढे धावून धडक देत होते, ते अडखळू लागतात. पाठीमागे कोण आहे याचा भरवसा नसतो. साखळीतला हात सुटतो. रेडर एरवी घेतच नव्हता तो बोनस सहज घेऊन जातो. दहा मिनिटांत कळते की बाहेर बसलेल्या दोघांवर आपण किती विसंबून होतो.

कॉर्नरचे काम जवळून पाहिले पाहिजे. अंतिम रेषेच्या जवळ, गुडघे वाकवून, टाचा किंचित उचलून तो उभा असतो. समोरचा रेडर खांदे हलवतो, हात फेकतो, खोटे पाऊल टाकतो. कच्चा पोरगा हाताकडे बघतो. पक्का पोरगा कमरेखाली बघतो. मैदानात सहा किंवा जास्त बचावपटू असतील तरच बोनस मिळतो, त्यामुळे रेडरचा एक पाय बोनस रेषेपलीकडे आणि दुसरा हवेत असा एक क्षण येतो. कॉर्नरला हवा असतो तो हाच क्षण. त्याआधी झेपावला तर रेडर त्याच्या पाठीला हात लावून निघून जातो, उशीर झाला तर घोटा हाती लागत नाही. घोटा हाती आला तरी काम संपत नाही. कव्हर येऊन पोहोचेपर्यंत, छातीवर माती घासत, त्याला ती पकड टिकवून ठेवावी लागते. ही धीराची विद्या आहे. जोर-बैठका काढून ती येत नाही. पाच-सहाशे वेळा खोट्या पावलाला न फसण्याचा सराव केल्यावर येते. म्हणूनच चांगला राखीव कॉर्नर मिळणे चांगल्या रेडरपेक्षा अवघड आहे.

यानंतर सर आणखी चौघांना बाहेर काढतात. मग तिघेच उरतात. तीन किंवा कमी खेळाडूंनी पकड केली तर एक गुण जास्त मिळतो. अशा वेळी आठवा आणि नववा खेळाडू कसा वागतो, ते सर वहीत लिहून घेतात. किती पकडी झाल्या हे ते लिहीत नाहीत. कोण घाबरून पुढे धावला, कोणी शेजाऱ्याला हाक मारली, पकड सुटल्यावर कोणाची मान खाली गेली, असल्या नोंदी असतात त्या.

बाकावरच्या माणसांचे मोल काय असते, हे पुणेरी पलटणने गेल्या काही हंगामांत साऱ्या महाराष्ट्राला दाखवले आहे. १७ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईत प्रो कबड्डीचा नववा अंतिम सामना झाला. अस्लम इनामदार आणि मोहित गोयत हे पलटणचे दोन्ही बिनीचे चढाईपटू दुखापतीमुळे त्यात नव्हते. जयपूरने तो सामना ३३-२९ असा जिंकला. फरक चारच गुणांचा. दोन प्रमुख रेडर नसताना इतक्या जवळ जाणारा संघ बघून मला तेव्हाच वाटले होते की यांचा दिवस लांब नाही. पंकज मोहिते आणि आकाश शिंदे ही पोरे त्या हंगामात तयार झाली. पुढच्या हंगामात संघाने इराणच्या मोहम्मदरझा शादलूवर २ कोटी ३५ लाख रुपये खर्च केले, म्हणजे पैसा बचावावर ओतला. चढाईचा भार मात्र घरात घडवलेल्या पोरांवरच ठेवला. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला हरियाणाला २८-२५ असे हरवून पलटणने पहिले विजेतेपद मिळवले, आणि त्या सामन्यात संघासाठी सर्वाधिक गुण पंकज मोहितेचे होते. कर्णधार अस्लम होता, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेला.

पुढचे वर्षही तितकेच शिकवणारे. शादलू हरियाणाकडे गेला, अस्लम गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर बसला आणि गतविजेत्यांना बाद फेरीही गाठता आली नाही. शादलूला घेतलेल्या हरियाणाने पलटणच्याच गावात, बालेवाडीत, करंडक उचलला. खोली एकदा कमावली की कायमची राहत नाही. ती दर पावसाळ्यानंतर नव्याने बांधावी लागते, आमच्या मैदानाच्या मातीसारखी.

पलटणला अठरा ते पंचवीस खेळाडू ठेवता येतात, वर्षभर त्यांच्या खाण्यापिण्याची आणि सरावाची सोय असते. तुमसरचे गणित निराळे आहे. हे धानाचे गाव. कापणी-मळणी झाली की नोव्हेंबरपासून बाजार समितीत धानाची रीघ लागते, राइस मिल रात्रंदिवस चालू राहतात. मिलमध्ये पोती उचलणारी पोरेच आमचे सर्वांत भक्कम कव्हर. मांड्या आणि खांदे तिथेच तयार झालेले. पण नेमकी ज्या महिन्यांत स्पर्धा असतात त्याच महिन्यांत हमालीचे काम सर्वांत जास्त असते आणि मजुरीही तेव्हाच मिळते. स्पर्धेचे बक्षीस बारा जणांत वाटले तर दोन दिवसांच्या हमालीइतकेही होत नाही. कुणाला चिखला किंवा डोंगरी बुजुर्गच्या मॅंगनीज खाणीत ठेकेदाराकडे पाळी लागते, कुणी चाकणच्या कंपनीत निघून जातो. काही जण पोलीस भरतीसाठी पहाटे धावतात. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव असल्याने कबड्डीही सोडत नाहीत, पण मैदानी चाचणीची तारीख आली की स्पर्धेला येत नाहीत. यात पोरांचा काही दोष नाही. म्हणून आमचे सर खेळाडूला दोन प्रश्न विचारतात. कुठे खेळतोस, आणि पौषात कुठे असशील? दुसऱ्या उत्तराला ते जास्त मान देतात.

मुलींचा सराव याच मैदानावर तासभर आधी असतो. त्यांच्या यादीला बारावीनंतर जी गळती लागते ती बघवत नाही. दरवर्षी दोन-तीन चांगल्या कॉर्नर लग्नाने किंवा नागपूरच्या वसतिगृहाने जातात, आणि तिकडे त्यांच्यापैकी फार थोड्या पुन्हा मैदानात उतरतात.

वजन हा आणखी एक वेगळा विषय. गावातल्या बऱ्याच स्पर्धा वजनी गटात होतात, पंचावन्न किलो, साठ किलो अशा. त्यामुळे एकाच मंडळाची यादी प्रत्येक गटात वेगळी भरते. दसऱ्याच्या आधी सर सगळ्यांना ओळखीच्या मिलमध्ये नेतात, धान तोलायच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर. पोरे चपला काढतात, खिशातला मोबाइल मित्राकडे देतात, कुणी कडदोऱ्याला अडकवलेली किल्लीसुद्धा काढून ठेवतो. लाल आकडे हलत हलत थांबतात. “छप्पन्न तीनशे.” पोरगा लगेच म्हणतो, “सर, भरते ना जी? दोन दिवस जेवत नाही मी.” सर त्याला खाली उतरवतात आणि साठच्या यादीत लिहितात. मला हे फार योग्य वाटते. सोळा-सतरा वर्षांच्या पोराला उपाशी ठेवून, स्वेटर घालून उन्हात पळवून गटात बसवणे हा उघड अन्याय आहे. अजून अंग भरायचे असलेल्या वयात त्याचे अंग सुकवायचे, आणि मग त्याच्याकडून दमदार पकडीची अपेक्षा करायची, हे कुठल्या हिशेबात बसते? असे करणारी मंडळे आजही आहेत. त्यांना पहिल्या फेरीत फायदा होतो. तिसऱ्या फेरीत त्यांची पोरे पेटके येऊन बसतात.

आणि मग येतो होतकरू पोरांचा प्रश्न. कोण पुढे जाईल हे आज कसे ओळखायचे? भंडाऱ्याच्या पोराला जिल्हा निवड चाचणीतून विदर्भाच्या संघात जावे लागते, कारण राष्ट्रीय स्पर्धेत महाराष्ट्र आणि विदर्भ असे दोन वेगळे संघ उतरतात. विदर्भाला या खेळाचा वारसा जुना आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीचे प्रात्यक्षिक दाखवले ते अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने. एवढ्या वाटेवर टिकेल असा पोरगा निवडताना बरेच जण उंची आणि वेग बघतात. मी एक गोष्ट बघतो : पकडला गेल्यानंतरची त्याची पुढची चढाई. बहुतेक पोरे एकदा आपटली की पुढच्या वेळी मध्यरेषेजवळच घुटमळतात, तीस सेकंद काढून परत येतात. काही चिडून थेट गर्दीत शिरतात आणि पुन्हा आपटतात. एखादाच असा असतो की ज्या कव्हरने पाडले त्याच्याच बाजूने शांतपणे जातो, एक पाऊल आधी थांबतो, आणि तो कव्हर पुढे आला की त्याला हात लावून वळतो. मघाच्या पकडीत काय चुकले हे त्याला मातीत पडल्या पडल्याच कळलेले असते. असा पोरगा दिसला की मी शेजाऱ्याला कोपराने ढोसतो.

यंदाच्या साठ किलोच्या यादीत अकरा नावे पक्की आहेत. बाराव्यावर कडेला रोज वाद चालतो. एका बाजूला गेली तीन वर्षे खेळलेला रेडर आहे. हात लांब, लोकांचा लाडका, पण पोलीस भरतीत अडकलेला. दुसऱ्या बाजूला सतरा वर्षांचा एक लेफ्ट कॉर्नर आहे. त्याच्या बापाची दीड एकर धानशेती आहे, म्हणजे कापणी झाली की पोरगा मोकळा. अंगाने अजून सडपातळ आहे, घोटा धरतो पण दमदार रेडर त्याला फरपटत नेतो. बहुतेक बघ्यांचा कौल रेडरला. “कॉर्नर तर आहेत ना दोन,” असे म्हणतात.

मला तो सतरा वर्षांचा पोरगा बारावा हवा आहे, आणि हे मी सरांना स्पष्ट सांगितले. आपले चार रेडर आधीच यादीत आहेत. पाचवा बाकावरच बसेल. आपल्या दोन कॉर्नरपैकी एक मिलमध्ये आहे आणि डिसेंबरात तो किती सामन्यांना येईल हे त्याच्या मुकादमाच्या हातात आहे. सरांनी वहीतले पान उलटून दाखवले. तिघांच्या पकडीच्या सरावाच्या दिवशी त्या पोराच्या नावापुढे लिहिले होते : “सुटली. मान वर. पुढच्याला थांबला.” सरांची एकच अट आहे, दिवाळीपर्यंत त्याने मांड्यांत जोर आणावा. त्यासाठी त्याला आता सरावानंतर आमच्या सर्वांत जड कव्हरचा घोटा धरून रोज उभे केले जाते. कव्हर मध्यरेषेकडे ओढतो आणि पोरगा सोडत नाही. पहिल्या आठवड्यात तो रेषेपार फरपटत जात होता, आता निदान रेषेच्या अलीकडेच अडवतो. पहिली स्पर्धा मंडईच्या आठवड्यात आहे. गटातल्या पहिल्या सामन्यात लोण चढले की उत्तरार्धात त्याला उतरवायचे, असे सरांनी ठरवले आहे.